शिरकावाचा नमुना

ललिताताई गजभिये दुपारी तीननंतर कुठल्याही विनोदाला हसत नाहीत. त्यात विनोदाचा दोष नसतो. सकाळी दहापासून दुसऱ्यांची भांडणं टाइप करून माणसाच्या तोंडाचा जीव जातो, बोटं तेवढी सवयीनं चालू राहतात. एका सरकारी कचेरीच्या मागच्या फाटकाशी, गुलमोहराखाली त्यांचं टेबल आहे. वर निळी ताडपत्री, खाली एका पायाला विटेचा टेकू, टेबलावर लॅपटॉप, आणि शेजारच्या बाबुरावांच्या झेरॉक्सच्या टपरीतून ओढून आणलेली वायर. बाबुराव वीज देतात आणि त्याबदल्यात टोमणे मारायचा हक्क राखून ठेवतात.

या टेबलाशी लोक येतात ते बहुतेक एकच रडगाणं घेऊन. कुणीतरी कुठंतरी शिरलेलं असतं. मांजरी गावच्या शेतकऱ्याचा बांध दरवर्षी वीतभर सरकतो आणि नेमका शेजाऱ्याच्याच बाजूनं सरकतो. धायरीतल्या एका बाईंच्या खिडकीसमोर वरच्या मजल्यावाल्यानं पत्रा पुढं काढलाय. कुणाचा मेहुणा दुकानात येऊन बसतो आणि उठतच नाही. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सोसायटीतल्या कबुतरांविरुद्ध अर्ज करायला आले होते. कबुतरांना सामनेवाला क्रमांक एक करा म्हणाले.

"करते," ललिताताई म्हणाल्या, "पण नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावायची ते सांगा."

गृहस्थ पत्ता शोधायला गेले ते परत आले नाहीत.

वीस वर्षांत ललिताताईंना एक कळून चुकलं होतं. नको असलेलं माणूस आत येणं याला मराठीत शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाची खोड निराळी. 'अतिक्रमण' हा जमिनीवर आडवा पडलेला शब्द, मोजणीवाला येईपर्यंत हलत नाही. 'घुसखोरी' लिहिलं की पोलिसांना वाटतं आपलं काम आहे, आणि मग कचेरीवाले म्हणतात, हे तर पोलिसांचं काम. 'हस्तक्षेप' शिकलेल्या लोकांना आवडतो, त्यात भांडण इस्त्री केल्यासारखं दिसतं. 'आगंतुक' एका प्राध्यापकांनी लिहायला लावला होता, स्वतःच्या सासऱ्यांबद्दल. पण घरच्या भांडणात खरा चालणारा शब्द म्हणजे 'शिरकाव'. त्याचा एक तयार मजकूर ताईंच्या लॅपटॉपात होता. 'सामनेवाला याने अर्जदाराच्या मालकीच्या घरात बळजबरीने शिरकाव करून बेकायदेशीर कब्जा केला असून…' नाव बदलायचं, गाव बदलायचं, छापायचं. दहा मिनिटांचं काम. वकिलानं तीन भेटी घेतल्या असत्या.

या सगळ्याची सुरुवात पवनीजवळच्या एका खेड्यात झाली होती. भंडारा जिल्ह्यातलं पवनी. तिथं ललिताताईंचे वडील शाळामास्तर. पोरीनं नोकरी करावी म्हणून त्यांनी तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. पोरगी मराठी तीस, इंग्रजी चाळीसची परीक्षा पास झाली आणि लग्न होऊन हडपसरला आली. नवरा कारखान्यात होता. तो गेल्यावर हातात एक लेक, प्रियदर्शनी, आणि एक जुना टाइपरायटर राहिला. लेकीनं पुढं कॉम्प्युटर शिकून नोकरी धरली, आईनं कॉम्प्युटर शिकून टेबल धरलं.

मास्तरांनी लेकीला एक गोष्ट सांगून ठेवली होती. त्यांच्या वडलांनी, म्हणजे ललिताताईंच्या आजोबांनी, दीक्षा घेतली त्याच वर्षी ते आणि चार जण गावच्या विहिरीवर पाणी प्यायला गेले. पाणी प्याले आणि परत आले, एवढंच. दुसऱ्या दिवशी गावानं तहसिलीत अर्ज दिला, त्यात लिहिलं होतं, 'पाच इसम विहिरीवर घुसले.' मास्तर म्हणायचे, "विहीर सरकारी, पाणी जमिनीतलं, तहान आपली. घुसलं कुठं कोण? पण पोरी, ज्याच्या हातात टाक, तो ठरवतो."

तरुणपणी ललिताताईंना हे ऐकून हातात टाक घ्यावासा वाटे. आता मनगटाला पट्टा लावून त्या 'सामनेवाला'मधलं नाव बदलत. वीस वर्षं रोज टाक हातात असला की त्याचं ओझं तेवढं उरतं, पराक्रम उतरतो.

तर शुक्रवारची गोष्ट. श्रावणातलं कुंद आभाळ, चार वाजून गेलेले. ताईंच्या पाठीत मणका मणक्याशी बोलत होता. पाच वाजता आवकेची खिडकी बंद होते, म्हणजे साडेचारला आपणही आवरायचं, असा त्यांनी हिशेब केला होता. तेवढ्यात नऊवारी नेसलेली एक सत्तरीची बाई हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन टेबलासमोर उभी राहिली.

"अर्ज लिव्हनारी बाई तूच काय?"

"बसा मावशी. कोणी पाठवलं?"

"आमच्याकडं अंगनवाडीची तनुजा हाय. तिनं सांगितलं, झाडाखाली बसलेली आसंल, हसनार न्हाई, पन काम करंल."

बाबुराव टपरीतून म्हणाले, "पत्ता बरोबर आला मावशी. अगदी गुगलसुद्धा एवढं नेमकं सांगत नाही."

बाईंचं नाव गोदाबाई. राहायला लोणी काळभोर. नवऱ्यानं बांधलेलं दोन खोल्यांचं घर आणि पुढं पडवी, सगळं त्यांच्या नावावर. घराचा उतारा पिशवीत होता. मुलगा माऊली, सून नम्रता, एक नातू. मुलगा कंपनीची कॅब चालवतो. तिघं तीन वर्षांपूर्वी राहायला आले. आधी आतली खोली त्यांची झाली, कारण नातवाला अभ्यासाला निवांतपणा पाहिजे. मग गोदाबाई पुढच्या खोलीत आल्या. मग पुढच्या खोलीत शिलाई मशीन आलं, गोदाबाई पडवीत आल्या. आता आतल्या खोलीला दिवसा कुलूप असतं. गोदाबाईंची पत्र्याची ट्रंक आत, त्या बाहेर.

"आन येत्या रविवारी," त्या म्हणाल्या, "पुढची खोली आन पडवी कालिजातल्या पोरांना द्यायची ठरलीया. चार पोरं. माऊली म्हनतो, आये, तू मावशीकडं जा थेऊरला. माझी भैन सोताच सुनंच्या हातात हाय. मी तिच्या उरावर कुठं जाऊ?"

"रविवारी म्हणजे परवा?"

"व्हय की."

ललिताताईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून बारा. उद्या-परवा कचेरी बंद. अर्ज आज आत गेला तर पोच मिळेल, पोचेवर शिक्का असेल, आणि गावात शिक्क्याला अजून लोक थोडे घाबरतात. आज गेला नाही तर सोमवारी गोदाबाईंच्या अंथरुणाच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी अंथरुणं पडलेली असणार, आणि टाकलेलं अंथरूण उचलायला कायद्याला दीड-दोन वर्षं लागतात. हे सगळं ताईंनी न बोलता मनाशी मांडलं आणि तयार मजकूर उघडला.

नाव, गाव, घराचा नंबर. 'ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यान्वये अर्ज.' सहा मिनिटांत झालं. ताईंची एक पद्धत होती. छापायच्या आधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि अर्जदारानं 'हे माझंच आहे' म्हटल्याशिवाय प्रिंटरला हात लावायचा नाही. थकव्यानं बाकीच्या बऱ्याच सवयी गळून गेल्या होत्या, ही तेवढी राहिली होती. फक्त वाचण्याचा वेग आताशा असा झाला होता की ऐकणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे काही सुचू नये.

"…सामनेवाला माऊली याने अर्जदाराच्या मालकीच्या घरात बळजबरीने शिरकाव करून बेकायदेशीर कब्जा केला असून सबब त्यास…"

"थांब, थांब. कोन शिरलं?"

"माऊली."

"कुठं?"

"तुमच्या घरात, मावशी."

गोदाबाईंनी पिशवी मांडीवरून उचलून बाकावर ठेवली. "त्यो न्हाई शिरला. विंचू शिरतो. मांजर शिरतं. पोटचं पोरगं शिरतं व्हय कुठं? मीच फोन केला व्हता. म्हनलं, भाड्याच्या खोलीत कशाला ऱ्हातूस, ये घरला. टेम्पो आला तवा दारात भाकरीचा तुकडा ववाळून टाकला म्या त्यांच्यावरनं."

"ते ठीक आहे मावशी, पण कचेरीत असंच लिहितात."

"आसंच म्हंजी खोटं?"

टपरीतून बाबुराव म्हणाले, "खोटं नाही हो. सरकारी."

"तू गप रं," गोदाबाई म्हणाल्या, आणि बाबुराव चक्क गप बसले. वीस वर्षांत ही गोष्ट ललिताताईंना जमली नव्हती.

ताईंनी समजावायचा प्रयत्न केला. साहेबांसमोर रोज पन्नास कागद येतात. मऊ शब्दाचा कागद खाली जातो, कडक शब्दाचा वर राहतो. 'मुलगा घरी आला' असं लिहिलं तर साहेब म्हणतील, आला तर आला, चहा द्या. शिरकाव लिहिलं तर विचारतील तरी.

"मंग त्यांनी मला विचारलं, बाई, जबरीनं शिरला का, तर मी काय सांगू? शपत घालत्यात म्हनं."

"घालतात."

"मंग?"

ललिताताईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. चार वाजून पंचवीस झाले होते. त्यांना एकदम फार दमल्यासारखं झालं. 'माउसचं एक बटन दाब,' मन म्हणत होतं, 'कागद बाहेर येईल, बाईंना सही करता येते, त्या करतील. नाहीतर उठून जातील. दोन्ही बाजूंनी साडेचारला आवरता येतं.' या बाईला शिरकाव नको असेल तर तिला दुसरं दुकान आहे. नाहीतरी खरंखुरं लिहून कुठला अर्ज मंजूर झालाय?

गोदाबाई उठल्या. "ऱ्हाऊ दे. पोराला चोर करून खोली मिळवायची आसंल तर मला नगं. उपकार झाले बाई तुझे."

त्या दोन पावलं गेल्या. ललिताताई त्रासून म्हणाल्या, "अहो, काहून उठता? बसा." राग आला की त्यांच्या तोंडात पवनी येई. "शिरला नाही, घुसला नाही, तर मग केलं काय त्यानं? तेच सांगा. मी तेच लिहिते."

गोदाबाई उभ्याच राहिल्या.

"त्यानं आत येऊन काय न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "म्या भाईर गेले. एक एक भांडं करून. आधी माझी कळशी भाईर आली, मंग पाट, मंग अंथरून. कुनी हाताला धरून काढलं न्हाई. जागा लागते म्हनले की म्याच सरकायची. आन आता…" त्या जरा हसल्या, "आता घरात जायचं म्हनलं तर उंबऱ्यात खाकरती. न्हाईतर सून दचकती. सोताच्या घरात, बाई. मला इचारशील तर शिरतीया मीच."

ललिताताईंनी कीबोर्डवरून हात उचलून पर्सवर ठेवला.

दोन वर्षांपूर्वी हडपसरची भाड्याची खोली सुटली तेव्हापासून त्या धायरीला लेकीकडे राहतात. जावई रोहन भला माणूस. पहिल्याच दिवशी चावी हातात दिली आणि म्हणाला, "आई, घर तुमचंच आहे." चावी पर्समध्येच असते. ताई रोज बेल वाजवतात. प्रियदर्शनी मीटिंगमध्ये असली तर तीन-चार मिनिटं दारात उभ्या राहतात, पण चावी काढत नाहीत. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली नाही, आणि गोदाबाईंनाही सांगितली नाही. त्यांनी फक्त स्क्रीनवरचा तयार मजकूर निळा केला, खोडला, आणि म्हणाल्या, "बाबुराव, आवकेच्या खिडकीत जाऊन सांगा, एक अर्ज येतोय. थांबा म्हणावं."

"मी सांगितलं की ते थांबतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मग उभे राहून त्यांच्याशी भांडण काढा. तेवढं तर येतं."

बाबुराव टपरीला साखळी लावून गेले.

मग ललिताताईंनी पुष्कळ वर्षांनी नमुन्याशिवाय लिहिलं. गोदाबाई बोलत, त्या लिहीत, मधेच थांबवून विचारत. "मावशी, त्यानं आता कुठं जावं असं तुमचं म्हणणं?" गोदाबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त आपली आतली खोली ठाऊक होती. मग म्हणाल्या, "त्याला हाकला असं नगं. पुढची खोली त्याची ऱ्हाऊ दे, दुसरीकडं सोय व्हईस्तोवर. दोन म्हैने लिव्ह. पन पोरं नगं. आन कुलूप नगं." ताई म्हणाल्या, असा अर्ज आजवर कुणी दिलेला नाही, लोक एक तर सगळं मागतात, नाहीतर काहीच मागत नाहीत. "मंग म्या पयली," गोदाबाई म्हणाल्या.

पाचला दहा कमी असताना ताईंनी वाचलं. या वेळी सावकाश.

"महोदय, माझा मुलगा माझ्या घरात जबरदस्तीने आलेला नाही. मीच त्याला बोलावले होते. नंतर जागा अपुरी पडू लागली तशी मी एकेका खोलीतून बाहेर आले. आज मी माझ्याच पडवीत राहते व येत्या रविवारपासून तीही राहणार नाही. मुलाला राहण्यास दिलेली परवानगी मी मर्यादित करीत आहे. आतली खोली कुलूप काढून मला परत मिळावी. पुढच्या खोलीत त्याने दोन महिने राहावे, त्यात माझी हरकत नाही. घर भाड्याने देण्यास माझी संमती नाही. मला जे विचारले जाईल ते मी शपथेवर सांगेन, कारण वर लिहिलेले खरे आहे."

"हे माझंच हाय," गोदाबाई म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं नाक पुसलं.

खिडकीपाशी बाबुराव लिपिकाशी कागदाच्या दर्जावरून हुज्जत घालत उभे होते. लिपिकानं अर्ज घेतला, विषयाच्या ओळीवर बोट फिरवलं. "शिरकाव आहे की कब्जा? रजिस्टरात काहीतरी लिहावं लागतं."

"दोन्ही नाही," ललिताताई म्हणाल्या. "घर परत मिळण्याबाबत."

"असा रकाना नाही, बाई."

"इतर आहे ना? इतरमध्ये घाला. आम्ही पुष्कळ वर्षं इतरमध्येच आहोत."

लिपिकानं एकदा वर पाहिलं, शिक्का उचलला आणि मारला. दोन प्रती, दोन शिक्के, पाच वाजायला चार मिनिटं. तारीख महिन्याभरानं लागेल म्हणाला.

"म्हैना?" गोदाबाईंनी पोच हातात धरून विचारलं. "आन परवा?"

हा प्रश्न येणार हे ताईंना माहीत होतं, आणि त्याला कायद्यात उत्तर नव्हतं हेही. त्या कचेरीच्या पायरीवर बसल्या. पाय मणाचे झाले होते. "मावशी, परवाचं या कागदानं होत नाही. परवाचं माऊलीच करू शकतो."

"मंग त्याला हे वाचून दाव."

वीस वर्षांत सामनेवाल्याशी ललिताताई एकदाही बोलल्या नव्हत्या. तो या टेबलाचा नियमच होता. दुसऱ्या बाजूचं तोंड पाहिलं की टाइप करवत नाही. पण गोदाबाईंनी नंबर लावून फोन पुढं केला होता.

"बोला," पलीकडून दमलेला आवाज आला. मागं गाड्यांचे हॉर्न. "आये, लवकर बोल, गिऱ्हाईक हाय गाडीत."

"मी अर्ज लिहिणारी बोलतेय. तुमच्या आईनं आज कचेरीत अर्ज दिलाय. ती म्हणतेय, तुम्हाला वाचून दाखवावा. गाडी बाजूला घ्या."

थोडा वेळ फक्त हॉर्न ऐकू आले. मग ते थांबले. ताईंनी पहिल्या ओळीपासून वाचलं. 'मीच त्याला बोलावले होते' या ओळीला पलीकडून काहीतरी हुंकार आला, तो होकार होता की खोकला, सांगता येईना. ताईंनी शेवटपर्यंत वाचलं.

"ऐकलं का?" ताईंनी विचारलं.

"ती एकेका खोलीची वळ परत वाचा."

ताईंनी वाचली.

"आई हाय का तिथं?"

ताईंनी फोन गोदाबाईंच्या कानाशी नेला. माऊलीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आये, पोरांना हो म्हनलंय मी. चार कॉटा काल आनून ठेवल्यात दारात. आता त्यांचं काय करू?"

गोदाबाईंनी फोन आपल्या हातात घेतला.

"तीन परत कर," त्या म्हणाल्या. "एक आतल्या खोलीत घे. खाली निजून गुडघं आखडल्यात माझं."

पलीकडं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "चावी नम्रताकडं हाय. सांगतो तिला."

"सांग. मी सातच्या आत येते."

फोन ठेवून त्यांनी पोच चौघडी करून पिशवीत घातली, घराच्या उताऱ्याच्या आत. बाबुरावांनी त्यांना लोणीची बस कुठून मिळते ते सांगितलं, आणि पुढं, कुणी विचारलं नसताना, स्टॉपपर्यंत सोडायलाही गेले. ललिताताई पायरीवरच बसून राहिल्या. माऊली बायकोला सांगेल की नाही, सांगितलं तर ती चावी देईल की नाही, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. आत लिपिकानं खिडकीची फळी ओढली. ताईंनी गुडघ्यांवर हात टेकले, उठायचं म्हणून, आणि आणखी पाच मिनिटं उठल्या नाहीत.